अढीच्या खोलीतला लाल दिवा

मला दशहरी आंब्याची किळस येते. लखनौत हे वाक्य मोठ्याने बोलायची सोय नाही. तिथली माणसं एकवेळ देवाला नावं ठेवलेली ऐकून घेतील, मलिहाबादच्या आंब्याला नाही. दर जूनमध्ये मी माहेरी जाते, कुणी ना कुणी गार दशहरीची ताटली पुढे सरकवतं, "लीजिए दीदी, एकदम शहद है," आणि मी "पेट ठीक नहीं" म्हणून ती तशीच परत करते. पोट ठणठणीत असतं. मळमळतं ते वासाने. तो गोड, घट्ट, जरासा आंबूस वास नाकात शिरला की मला बंद खिडक्या दिसतात, त्यांवर ठोकलेल्या रजया दिसतात आणि अंधारात लुकलुकणारा एक लाल दिवा दिसतो.

जून उजाडला की धाकट्या बहिणीचा, सुहासिनीचा, लखनौहून फोन येतो. "ताई, आंबा आला. ये." एवढंच. सुहासिनी मुळातच कमी बोलते, असं तिच्या ओळखीची माणसं म्हणतात. मुळातच! हा शब्द ऐकला की माझं डोकं फिरतं. मुळात ती कशी बोलायची ते मी ऐकलंय.

मुळात ती अखंड बोलायची. आम्ही सांगलीकडचे. बाबा एका संशोधन संस्थेत शास्त्रज्ञ, म्हणून लखनौला येऊन पडलेलो. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर हिंदी. आमच्या बरोबरीची सगळी मराठी पोरं आईबापांचं मराठी ऐकायची आणि उत्तर हिंदीत फेकायची. मीही त्यातलीच. आईने "जेवायला चल गं" म्हटलं की मी "आ रही हूँ ना, यार!" सुहासिनी मात्र मराठीत उत्तर द्यायची, मराठीत भांडायची, भरात आली की रिक्षावाल्यालासुद्धा मराठीत रस्ता सांगायची आणि तो बिचारा "अच्छा, अच्छा" करत बरोबर वळायचा. तिच्या पुढच्या दोन दातांत फट होती. त्या फटीतून तिचा प्रत्येक 'स' बारीक शिट्टी वाजवत बाहेर पडायचा. आम्हाला ती शिट्टी कधी वेगळी ऐकूच आली नव्हती. आईच्या बांगड्या वाजतात, तशी ती वाजायची.

नव्वदीच्या दशकातली मधली वर्षं. गणपतीत लखनौच्या मराठी घरांची मोठी अडचण असायची ती गुरुजींची. आपल्या पद्धतीने पूजा सांगणारे गुरुजी शहरात एकच. ते स्कूटरवरून घरोघर पोचेपर्यंत कुणाचा गणपती बसायला दुपार टळायची. मोदक गार, पोरं रडकुंडीला, आणि यजमान सोवळं सांभाळत गॅलरीत उभे. मराठी मंडळाचे अध्यक्ष परांजपेकाका बँकेत मॅनेजर होते. त्यांनी तोडगा काढला, पूजेची कॅसेट. आता आचमन करा, आता सुपारी ठेवा, आता फूल वाहा, असं सगळं टेपमध्ये भरायचं. टेप सांगेल तसं यजमानांनी करत जायचं. आवाज कोणाचा? "अहो, आपल्या सुहासिनीचा! नई पीढ़ी में और कौन है जो ढंग की मराठी बोले?" काका म्हणाले.

सुहासिनी त्या दिवशी घरभर नाचली. दहावीची परीक्षा संपली होती, सुट्टी लागली होती आणि गावातल्या सगळ्या मराठी घरांत तिच्या आवाजात गणपती बसणार होता. पोथी घेऊन ती दिवसभर पाठ करत बसायची. "ताई, सगळ्यांचे बाप्पा माझं ऐकून बसणार," म्हणायची. याहून मोठं तिला त्या वयात काही मागायचं नव्हतं.

आणि रेकॉर्डिंग बाबांनी अंगावर घेतलं. झालं कल्याण!

बाबांना यंत्रांचं वेड. संस्थेतून आले की चहाच्या आधी सोल्डरिंगचा धूर. बाजारातल्या एका दुकानातून त्यांनी जुना मिक्सर आणला, म्हणजे वाटणाचा नव्हे, आवाजाचा; कुणाकडून तरी मायक्रोफोन आणला आणि खोली निवडली ती मागची. अलीगंजच्या त्या घरात मागची खोली सगळ्यांत थंड, म्हणून दर उन्हाळ्यात आई तिथे आंब्यांची अढी घालायची. पेंढ्याच्या थरांत मलिहाबादचे हिरवे दशहरी पिकत पडलेले असायचे. बाबांनी अढी हलवू दिली नाही, "आवाज शोषून घेतो पेंढा," म्हणाले. खिडक्यांवर रजया ठोकल्या. पंखा बंद, कूलर बंद, कारण त्यांची घरघर टेपमध्ये येते. बाहेर लू, म्हणजे उन्हाळ्यातला तो गरम वारा, भाजून काढतेय आणि आत आम्ही तिघं, घाम आणि आंबे. वरचे खाऊन होत, तळातले चेपत, गळत, सडत. चिलटांचे थवे नुसते! भरतकामाच्या रिंगवर बाबांचा नायलॉनचा मोजा ताणून तो मायक्रोफोनपुढे बसवला होता, तोंडाची फुंकर अडवायला. धुतलेला होता म्हणे. त्या मोज्याला नाक लावून माझ्या बहिणीने देवाची पूजा सांगायची होती, आणि मी टेपचं बटण दाबायचं होतं.

पहिलाच टेप ऐकून बाबांनी हेडफोन काढला, तोंड वेडंवाकडं केलं आणि म्हणाले, "शी! काय तो स!"

मेलेली पाल चिमटीत धरतात तसा त्यांनी तो हेडफोन धरला होता. सुहासिनी आधी हसली. तिला वाटलं गंमत करताहेत. मग बाबांनी एक पेन्सिल रबरबँडने मायक्रोफोनला उभी बांधली, शिट्टी तिच्यावर आपटून फुटावी म्हणून. मायक्रोफोन जरा तिरका केला, वारा थेट आत घुसू नये म्हणून. आणि खरं सांगते, तेवढ्याने काम झालं होतं. आईने पदराला हात पुसत ऐकलं, "छान आलंय की हो," म्हणाली आणि भाजी करपेल म्हणून निघून गेली. तिथे थांबले असते तर आज मी आंबे खात असते.

पण थांबतील तर बाबा कसले! दिल्लीच्या एका मित्राकडून त्यांनी एक काळा चपटा डबा मागवला. डी-एसर. बोलण्यातला 'स' दाबायचं यंत्र. आवाज मायक्रोफोनमधून आधी या डब्यात जातो, मग टेपमध्ये. डब्याला दोन बटणं महत्त्वाची. एकाने सांगायचं, शिट्टी किती उंच सुरात वाजते. दुसऱ्याने सांगायचं, ती किती चढली की तिला दाबायची. बाकीचा आवाज तसाच जाऊ द्यायचा, फक्त 'स' आला की तेवढ्या क्षणापुरता गळा धरायचा आणि सोडायचा. गळा धरला की डब्यावरचा लाल दिवा लागतो.

तो दिवा नेमका सुहासिनीच्या समोर.

आता पूजा म्हणजे काय असते? समई लावा. आसनावर बसा. सुपारी, अक्षता, सुगंधी फूल, नमस्कार, आणि दर उपचाराच्या शेवटी समर्पयामि, समर्पयामि, समर्पयामि. दर वेळी लाल. शिट्टीचा नेमका सूर सापडावा म्हणून बाबा तिला नुसता 'स' म्हणायला लावायचे. "म्हण. सऽऽऽ. सोडू नकोस. अजून." ती दम संपेपर्यंत म्हणायची, बाबा डोळे मिटून बटण तसूतसूने फिरवायचे आणि मध्येच त्यांचं तोंड आंबट व्हायचं. "हा! हा बघ! केवढा घाणेरडा!" पोरीच्या तोंडातून निघणाऱ्या आवाजाला बाप घाणेरडा म्हणत होता. तिच्या ओठांवर चिलट बसलेलं असायचं आणि ते हाकलायची तिला सोय नव्हती, कारण हात हलला की टेपमध्ये खसखस येते.

एकच गोष्ट दिवसभर ऐकत बसलं की कान नासतो. बाबांचा नासला. त्यांना जिकडेतिकडे स ऐकू यायला लागला. कुकरची शिट्टी झाली की दचकायचे, फोडणी चरचरली की "दार लावा!" म्हणून ओरडायचे. आई एकदा वैतागून म्हणाली, "अहो, तुमच्या सासूबाईंचं पत्र आलंय, वाचू का तेही नको?" हसले नाहीत. कधी सगळं जमून आलं तर बख्शी का तालाबच्या विमानतळाकडून एखादं विमान डोक्यावरून गडगडत जायचं आणि पुन्हा पहिल्यापासून. मग एका दुपारी त्यांनी देवघरातली मेणबत्ती आणली, मेण बोटांत मऊ केलं आणि सुहासिनीला म्हणाले, "आ कर." दातांतली फट त्यांनी मेणाने लिंपली. आंबे चाचपलेली चिकट बोटं, तोंडात मेण. तिला उमासा आला. डोळ्यांत पाणी आणून तिने तो गिळला, आणि बाबा म्हणाले, "हं, आता म्हण, समर्पयामि."

लाल.

कुणाच्या लक्षात आलं नाही, पण मी शेजारीच बसलेली होते, म्हणून मला दिसत होतं. ती पोथी बघून वाचेनाशी झाली, दिवा बघून वाचायला लागली. 'स' येण्याआधीच तिची मान खाली जायची. मग ती शब्दच बदलायला लागली. समईच्या ऐवजी दिवा लावा, सुपारीच्या ऐवजी फळ ठेवा. "पोथीत समई आहे ना? मग समईच म्हण!" बाबा खेकसले. ती गप्प उभी राहिली. खोलीत फक्त चिलटांची गुणगुण, आणि लाल दिवा विझलेला. बाबा एवढे खूश दुसऱ्या कशानेच दिसले नव्हते त्या महिन्यात. गप्प पोरगी त्या डब्याला अगदी बरोबर वाटत होती.

बाबा वाईट नव्हते, असं म्हणायची एक पद्धत आहे. आई म्हणायची, आत्या म्हणायची, सुहासिनीसुद्धा मान डोलावते. मी म्हणणार नाही. माणूस यंत्र फिरवता फिरवता कधीतरी वर बघतो की नाही? समोर आपलं लेकरू आहे, तोंडात मेण घालून उभं आहे, हे दिसायला कुठला डबा लागतो?

शेवटी टेप तयार झाला. बाबांनी दुसरं बटण पार टोकाला नेलं होतं. शिट्टी मेली, पण तिच्याबरोबर निम्मे शब्दही मेले. प्रत्येक 'स' ठेचल्यासारखा, जीभ सुजल्यासारखा यायचा. रोगापेक्षा औषध जालीम! परांजपेकाका ऐकायला आले. बैठकीत टेप लागला. सुहासिनी पन्ह्याचे पेले घेऊन दारात उभी, नवा फ्रॉक घालून. काकांनी थोडं ऐकलं, भुवया चढवल्या, आणि म्हणाले, "केळकरसाहेब, ये क्या? पोरगी तोतरी आहे की काय? समोर तर बरी बोलते!"

एक वाक्य पुरलं असतं. 'काका, माझ्याकडून बटण जास्त फिरलं.' एवढंच. मी बाबांच्या तोंडाकडे बघत होते.

बाबा म्हणाले, "काय करणार हो, तिचा स मुळातच बिघडलेला आहे. मशीन तरी किती सुधारणार?"

सुहासिनीने पेले टेबलावर ठेवले. एकही सांडला नाही. ती आत गेली, आणि मागे काका चमच्याने पन्हं ढवळत म्हणत होते, "कोई बात नहीं, माझी भाची येतेय कानपूरहून, तिच्याकडून करून घेऊ." कॅसेट भाचीच्या आवाजात निघाली. आमच्या घरीही गणपतीला तीच लागली. सुहासिनी निरांजन, फुलं, सगळं वेळेवर पुढे करत होती. तोंडाने आरतीसुद्धा म्हणाली नाही, नुसत्या टाळ्या वाजवत होती.

त्यानंतर ती बोलली नाही असं नाही. बोलते. बँकेत नोकरी केली, लग्न केलं, दोन मुलं वाढवली, लखनौतच राहिली, आई गेल्यावर बाबांना आपल्या घरी आणलं. पण तिचं बोलणं कान देऊन ऐका. भाजीवाल्याला ती "सब्ज़ी" म्हणत नाही, "तरकारी" म्हणते. सेबला ॲपल. दशहरीला नुसता आंबा, कारण श तरी कुठे वेगळा वाजतो? नवऱ्याच्या आईला सासूबाई म्हणायची वेळ येऊ नये म्हणून पहिल्या दिवसापासून "आई" म्हणून बसली, आणि त्या माउलीला वाटलं, काय गुणाची सून! फोन उचलला की, "केळकरांची धाकटी बोलतेय." स्वतःचं नाव ती घेत नाही. घेणार कशी? एवढ्या नावात दोन दोनदा तो दिवा लागतो, आणि तिला एकदाही पुरे आहे. माणसाला किळस आली तर निदान 'शी' म्हणता येतं. तिने तेही सोडलं. आणि मंडळाच्या कार्यक्रमात दर वर्षी कुणीतरी उठून गळा काढतं की आपली मुलं मराठी बोलत नाहीत. मला तिथेच ओकावंसं वाटतं.

या जूनमध्ये बाबांचं सहस्रचंद्रदर्शन होतं. आयुष्यात हजार पौर्णिमा बघितलेल्या माणसाचा सोहळा. आता बाबा पार वाळलेत आणि त्यांना ऐकू कमी येतं. सुहासिनीच त्यांना कानाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली होती. डॉक्टर म्हणाले, खालचे सूर शाबूत आहेत, वरचे गेले. म्हातारपणी स, श असले बारीक आवाज आधी जातात. कानात घालायचं यंत्र दिलंय, पण बाबा ते घालत नाहीत. यंत्र कुरकुरतं म्हणतात! आयुष्यभर दुसऱ्यांच्या तोंडाला यंत्र लावलेला माणूस.

सकाळी पाहुणे जमले, चौरंग मांडला, आणि गुरुजींचा फोन आला. गोमतीपलीकडे ट्रॅफिकमध्ये अडकलेत, कधी पोचतील सांगता येत नाही. बाबा सोवळं नेसून पाटावर बसलेले. सगळे एकमेकांकडे बघताहेत. सुहासिनीचा मुलगा म्हणाला, "मम्मी, मोबाइल पर लगा दें?" तिने पदर खोचला, बाबांच्या उजव्या हाताला जमिनीवर बसली, त्यांच्या कानाशी वाकली आणि म्हणाली, "समई लावा."

शिट्टी खणखणीत वाजली. तिचा मुलगा चमकून बघायला लागला. त्याने आईचा हा आवाज जन्मात ऐकला नव्हता.

"आसनावर बसा. सुपारी ठेवा. सुगंधी फूल वाहा." तिच्या हातात पोथी नव्हती. कुठल्याही विधीत आधी गणपतीच पुजायचा, आणि ती पूजा त्या उन्हाळ्यात पाठ केलेली, जशीच्या तशी होती. समर्पयामि, समर्पयामि. प्रत्येक 'स' भिंतीवर जाऊन आपटत होता. पाहुण्यांतली एक पोरगी फिसकन हसली, सुहासिनीने तिकडे बघितलंही नाही. बाबा कानामागे तळवा धरून एकेक गोष्ट करत होते, चुकत नव्हते. पूजा संपली. त्यांनी अक्षता टाकल्या, तिच्याकडे वळले, आणि त्यांच्या तोंडावर जे हसू आलं ते मी रेकॉर्डिंगच्या त्या महिनाभरात एकदाही बघितलं नव्हतं.

"बघ," बाबा म्हणाले, "किती साफ झाला आवाज तुझा! एकही स टोचला नाही."

सुहासिनी वाकून त्यांच्या पाया पडली.

मी उठून स्वयंपाकघरात गेले. तिथे कोपऱ्यात आंब्यांची पेटी उघडी पडलेली, दोन-चार सडलेले, वर चिलटं. मी नाकाला पदर लावला. सुहासिनी मागोमाग आली, प्रसादाची वाटी शोधत. मी म्हटलं, "अगं, त्यांना ऐकूच येत नाही तो स! कसली शाबासकी घेतेस ही? तुला राग नाही येत?"

तिने वाटी ठेवली. पेटीतला एक सडका आंबा उचलला, नाकाशी नेला, आणि तोंड वाकडं करून बादलीत टाकला.

"शी!" ती म्हणाली. "येतो की. सकाळ-संध्याकाळ येतो. सतत येतो, सगळ्याचा येतो. हा स त्यांना सोडून सगळ्या लखनौला ऐकवावासा वाटतो."

बाहेर बाबांनी हाक मारली. एकही शब्द न टाळता तिने तिथूनच ओरडून सांगितलं, "बसा, शिरा आणतेय!"